पांढऱ्या पट्टीतला जीव

ब्राह्मी : पण उद्याच कशाला, अण्णा? वैशाखापर्यंत थांबलात तर काय बिघडतंय?

धन्यकुमार : बिघडायचं ऱ्हायलंय काय आता? तू जन्मलीस त्या साली रानातली ती पट्टी मिठानं पांढरी पडाया लागली. तू पीएचडीला पोचलीस, पट्टी अजून पांढरीच. सकाळी पलूसचं मशीन येणार, चर काढणार, पाईप गाडणार. वरनं गोडं पाणी सोडलं की मीठ विरघळून पाईपातनं वड्याला.

ब्राह्मी : आणि गोड्या पाण्यात माझे जीव फुटून मरणार.

गुणमाला : आता मरणार म्हणती! दिवाळीला म्हणाली, आई, आपल्या रानात जगात कुठं न्हाई असला बॅक्टेरिया सापडला. मी गल्लीभर सांगून आले.

ब्राह्मी : मग खोटं का आहे ते? पण साताऱ्याला लॅबमधले सगळे मेले गं. नव्या जीवाला नाव द्यायचं तर नुसतं छापून चालत नाही, दोन देशांतल्या दोन संग्रहांत तो जिवंत ठेवावा लागतो. पाठवायच्या आधी सौमित्रनं बाटल्यांतलं पाणी बदललं आणि मीठ घालायलाच विसरला.

धन्यकुमार : मीठ घालाय इसरला? हितं आमटीत कमी पडलं म्हटलं तर तुझी आई दोन दिवस फुगती.

गुणमाला : तोंड बघून घालते मी मीठ. कोण गं हा सौमित्र? लय वेळा नाव येतंय.

ब्राह्मी : वाईचा आहे, बरोबर शिकतो. ते खातं आत्ता उघडू नकोस, आई.

धन्यकुमार : मग ने की आत्ताच पाटीभर माती.

ब्राह्मी : नेणारच आहे. पण त्यात तो मिळेलच असं नाही. ऊन तापून मीठ गुलाबी झालं की मगच तो वर येतो. गेल्या वैशाखात ढीगभर डब्या भरल्या, तेव्हा कुठं एकीत सापडला.

धन्यकुमार : आन् त्यो नवाच हाय कशावरनं? असंल कुणाचा तरी सोयराधायरा.

ब्राह्मी : वर्षभर तेच तर शोधत होते. मीठ किती लागतं, अंगाची ठेवण कशी, खातो काय. मग माहीत असलेल्या सगळ्यांच्या जनुकांशी ताडून बघितलं. त्यातल्या त्यात जवळचं गोत निघालं ते राजस्थानातल्या मिठाच्या तळ्यातलं. तेही पार लांबचं.

गुणमाला : सोयरीक बघावी तसंच की. मी रविवारी मीठ सोडते, ह्यो मिठाबिगर जगत न्हाई. आपल्या घरात जावई म्हणून चालायचा न्हाई.

धन्यकुमार : चेष्टा नगं. पाईप माझी एकट्याची न्हाई. वरचं रान गोमटेशचं, खालचं शंभूराजचं. मधल्या मधी मी अडवली तर गोमटेशचं पाणी तुंबंल. दोघं तयार नव्हती, मीच उंबरे झिजवून तयार केली. आता कुठल्या तोंडानं सांगू, पोरीच्या किड्यासाठनं थांबा?

ब्राह्मी : किडा नाही हो तो.

धन्यकुमार : माझ्या आईनं त्या पट्टीत भुईमूग काढलाय, ब्राह्मी. एकदा तितं हिरवं बघू दे मला.



ब्राह्मी : नका थांबवू मशीन. माझंच चुकलं.

गुणमाला : डोळं पूस. नाव तरी काय ठेवणार हुतीस त्याचं?

ब्राह्मी : जाऊ दे आता.

गुणमाला : सांग की गं.

ब्राह्मी : अण्णांचं. पण लॅटिनचा नियम आहे, पुरुषाचं नाव दिलं की शेवटी ई लावायची.

गुणमाला : म्हंजे धन्यकुमारी? आगं बाई! आवं, ऐकलासा का? लेकीनं तुमचीच लेक केली!

धन्यकुमार : हस, पोट धरून हस. माझं नाव कशाला गं? जलमभर त्या मिठाला शिव्या दिल्या मी.

ब्राह्मी : शिव्या दिल्यात, पण पट्टी राखलीत. बाकीच्यांनी असल्या जमिनी मासळीच्या तळ्यांना दिल्या. तुम्ही म्हणालात, आपल्यात जीवहत्या चालत नाही. तळं झालं असतं तर हा तेव्हाच संपला असता.

गुणमाला : व्हय की. माशासाठनं एवढं अडून बसलासा, आन् ह्यो मरू दे म्हणताय.

धन्यकुमार : मासा डोळ्याला दिसतो गं.

गुणमाला : आता ह्योबी दिसला की. नावासकट.

धन्यकुमार : ब्राह्मी, रान मागू नगं. माती माग.

ब्राह्मी : म्हणजे?

धन्यकुमार : हिरीजवळच्या काळ्या रानात खड्डा काढू. शेततळ्याचा कागद अंथरू, मीठ भाईर जायला नगं. मशीन आलं की आधी ट्रॉलीभर पांढरी माती तितं टाकायची, मग चर.

गुणमाला : हिरीजवळ? सगळ्यात चांगलं रान हाय ते!

धन्यकुमार : म्हणूनच. माझ्या नजरंसमोर ऱ्हाईल.

ब्राह्मी : अण्णा, तिथं ते जगतील याची खात्री नाही हं.

धन्यकुमार : भुईमुगाची तरी कुठं हाय?

ब्राह्मी : आणि पाऊस? वरून गोडं पाणी पडलं की संपलंच.

धन्यकुमार : गोठ्यावरचं पत्रं काढून घालतो. म्हस काय भिजली म्हणून फुटत न्हाई.