रातच्या लाइनचा आठवडा

(अकोल्याच्या एका दवाखान्यातला भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड. दुपार. खाटेवर गोपाळ, उजवा हात कोपराखाली कापलेला, डावा पट्ट्यांत गुंडाळलेला, फक्त अंगठा मोकळा. स्टुलावर कडूबा, मांडीवर जेवणाचा डबा. दोघंही अवजड माल वाहणाऱ्या ट्रेलरवरचे खलाशी; उंच माल अडला की वर चढून आडव्या तारा उचलून धरणं हेही त्यांचंच काम.)

गोपाळ : एवढा मोठा घास करतेत का भाऊ? म्हशीले पेंड चारून राह्यला का?

कडूबा : तोंड उघड. तुह्या वहिनीनं भरीत केलं. तुराट्यांवर भाजली वांगी.

गोपाळ : तेल लय टाकलं.

कडूबा : घरी येऊन तूच सांग तिले. मी सांगतलं तर माह्याच डोक्यावर येईन.

गोपाळ : मी काय येतो आता.

कडूबा : काऊन? पायाले काही झालं का?

गोपाळ : पायाले काय होते?

कडूबा : मंग पायानंच येतेत लोकं.

गोपाळ : हसवू नको बाप्पा. छातीची कातडी ओढते.

कडूबा : घे, पाणी पी. हळू. नळी दातात धर.

गोपाळ : भाऊ, मले एक सांग. सोळा वर्षं झाली आपल्याले एका गाडीवर. मोठी लाइन चालू असताना मी कधी हात लावला का?

कडूबा : नाही.

गोपाळ : घरगुती तारा उचलल्या. केबलच्या उचलल्या, लग्नाच्या मांडवाच्या माळा उचलल्या. वाळल्या बांबूनं. पण मोठ्या लाइनीखाली आपली गाडी थांबलीच थांबली. लाइनमन येईन, लाइन बंद करीन, मंगच वर चढाचं. त्या धुळ्याकडच्या फाट्यावर किती वेळ बसलो होतो?

कडूबा : पाच तास.

गोपाळ : पाच तास. ड्रायव्हर शिव्या देऊन देऊन थकला अन् गाडीखाली झोपला. तरी मी उठलो नाही. मंग त्या दिवशी काऊन उचलली?

कडूबा : भाकर घे एक घास.

गोपाळ : नको. तू माह्या बोलण्याकडे ध्यान दे. मले मुक्ताईनगरचा चहा आठवते. माहा जुना बांबू चिरला, तो रस्त्याच्या कडेले फेकला, ते आठवते. बाभळीची फांदी तोडली, दोन फाट्यांची, ते पण आठवते. त्याच्या पुढे एकदम हे खाट. मधलं पुसून गेलं.

कडूबा : डॉक्टर काय म्हणते?

गोपाळ : म्हणते, आठवलं तर आठवीन, नाही तर नाही. त्याचं काय जाते? इथं तानी बसते ना समोर, ते विचारते.

कडूबा : तानाबाई? काय विचारते?

गोपाळ : त्या दिवशी सकाळी फोनवर आमचं नवरा-बायकोचं वाजलं होतं. मी रागात म्हणलो, आता घरी येतच नाही. काल ते हळूच विचारते मले, तुम्ही मुद्दाम तर हात नाही ना लावला?

कडूबा : अरे, असं काय बोलते ते!

गोपाळ : मी नाही म्हणलो. पण भाऊ, मले आठवतच नाही त मी कोण्या तोंडानं नाही म्हणू? सोळा वर्षांत जे केलं नाही, ते मी त्याच दिवशी केलं. तिच्या जागी मी असतो त मीही तेच समजलो असतो.

अनुपमा : आत येऊ का? जेवण चाललंय वाटतं.

गोपाळ : या मॅडम. जेवण कायचं, चाराई चालू आहे. कडूभाऊ, स्टूल दे त्याहिले.

अनुपमा : बसा काका, बसा. मी उभीच बरी. दोन मिनिटांचं काम आहे. कसं वाटतंय गोपाळराव?

गोपाळ : जो हात नाही त्याची बोटं खाजवतेत. बाकी ठीक.

अनुपमा : डॉक्टर म्हणाले मला, असं होतं काही दिवस. मी अपघाताचा अहवाल आणलाय. कंपनीच्या सुरक्षा विभागाकडून मलाच द्यायचाय तो. वाचून दाखवते, पटलं तर अंगठा द्या. घाई नाही.

गोपाळ : वाचा.

अनुपमा : 'तेलविहीर खोदण्याच्या रिगचा चाळीस टनी सांगाडा ट्रेलरवरून नेत असताना, मलकापूरजवळ महामार्गावर पुलाचं काम चालू असल्यामुळे गाडी आतल्या रस्त्याने वळवण्यात आली. तिथे अकरा हजार व्होल्टची तार मालाच्या उंचीला अडत होती. मालावर चढलेल्या खलाशाने ओल्या लाकडाच्या काठीने ती उचलली. तार बंद असल्याची त्याने खात्री केली नव्हती.' असं आहे.

गोपाळ : बरोबर असीन. द्या इकडे, अंगठा मोकळा आहे.

कडूबा : थांब गोपाळ. मॅडम, रिगचा दुसरा भाग अजून मलकापुरातच आहे ना?

अनुपमा : हो, धाब्यामागे उभा आहे. तीन आठवडे झाले. गुरुवारी काढतोय.

कडूबा : कोण्या रस्त्यानं?

अनुपमा : त्याच. पुलाचं काम संपायला अजून दोन महिने आहेत. पण या वेळी फायबरची काठी दिली आहे, विजेच्या कामाची खास. लाकूड नाहीच.

कडूबा : अन् लाइन?

अनुपमा : तुम्ही आहात की सोबत. तुमच्याच गावचा रस्ता तो. तिथली लाइन कधी असते, कधी नसते, ते तुमच्याइतकं आमच्या ऑफिसात कोणाला माहीत असणार?

गोपाळ : काय झालं भाऊ? डबा सांडीन, सरळ धर.

कडूबा : मॅडम, तो कागद खाली ठेवा. काठीनं काही झालं नाही.

अनुपमा : म्हणजे?

कडूबा : आमच्याकडे शेतातल्या लाइनीचं असं आहे, एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा राती येते. दुरून मोठ्या केंद्रातूनच बंद-चालू करतेत. तो आठवडा रातच्या लाइनचा होता. म्हणजे दिवसा तार मेलेली. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालेही ठाव असते.

अनुपमा : मग त्या दिवशी ती चालू कशी होती?

कडूबा : दोन दिवस आधी बदललं होतं. कुठं तरी बिघाड झाला म्हणून वेळ फिरवली. गावात सगळ्याइले माहीत होतं. मी महिनाभर गाडीवर, मले काय माहीत? माहा चुलतभाऊ वामनराव, त्याचं वावर त्या तारेखालीच आहे. एक फोन केला असता त कळलं असतं.

अनुपमा : पण तुम्ही काही तरी पाहिलं असेल ना? उगाच तर तार बंद आहे असं समजला नसाल.

कडूबा : पाह्यलं ना. तेच त सांगून राह्यलो. गाडीतून उतरून मी कान देऊन ऐकलं. चारी बाजूले एकाही विहिरीवर मोटर चालू नव्हती. मी म्हणलो, पाह्य, लाइन असती त एवढ्या मोटरी बंद राह्यल्या असत्या का? अन् गावात सप्त्याची पंगत होती. झाडून सारे मोटरी बंद करून जेवाले गेले होते.

गोपाळ : भाऊ.

कडूबा : हं.

गोपाळ : तू हे कोणाले म्हणला? 'पाह्य, मोटरी बंद आहेत,' असं कोणाले म्हणला?

कडूबा : तुले.

गोपाळ : मी कुठं होतो?

कडूबा : मालावर. कंबरेले दोर बांधून बसला होता. काठी मांडीवर आडवी.

गोपाळ : मी विचारलं होतं?

कडूबा : हो. वरून ओरडला, 'कडूभाऊ, लाइन आहे का?'

गोपाळ : अन् तू?

कडूबा : मी म्हणलो, रातची लाइन आहे. तू म्हणला, 'लाइनमनले बोलाव, माही काठी ओली आहे.' मी म्हणलो, हे माहं गाव आहे बे, मले शिकवतो का? मंग तू पुन्हा विचारलं, 'नक्की ना?' मी म्हणलो, उचल बिनधास्त.

गोपाळ : दोनदा विचारलं मी.

कडूबा : दोनदा.

अनुपमा : काका, तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं.

कडूबा : विचारलं होतं. मी म्हणलो, मी मागच्या बाजूले होतो, मले दिसलं नाही.

अनुपमा : ड्रायव्हर?

कडूबा : तो इंजिन चालू ठेवून आत बसला होता. त्यानं काही ऐकलं नाही. आमच्या दोघाइलेच ठाव होतं, अन् याले आठवत नाही.

गोपाळ : म्हणून रोज येत होता तू?

कडूबा : सांगाचं ठरवूनच येत होतो. तू दोन घास खाल्ले की बरं वाटे. मनात म्हणत होतो, आज खाल्लं त्यानं, आज कशाले? उद्या सांगू.

गोपाळ : अन् मी इथं पडल्या पडल्या समजून राह्यलो, माहं डोकं फिरलं. माही बायको समजते, मी मराले निघालो होतो.

कडूबा : ते मले आत्ता कळलं गोपाळ. तानाबाईचं मले ठाव नव्हतं.

गोपाळ : ठाव असतं त?

कडूबा : आता काय म्हणू? मॅडमनं गुरुवारचं काढलं नसतं, त आजही डबा धुवून घरी गेलो असतो मी. खोटं कशाले बोलू?

अनुपमा : काका, हे मी लिहिलं तर तुम्हाला पुन्हा कुठल्याच गाडीवर घेणार नाहीत. आमच्या नाही आणि दुसऱ्यांच्याही नाही. तुम्हाला माहीत आहे ना?

कडूबा : माहीत आहे. लिहा.

अनुपमा : तीस वर्षं झाली तुम्हाला.

कडूबा : एकतीस. गुरुवारी त्या तारेखाली जो चढीन, त्याले माहं नाव सांगतीन, म्हणतीन, कडूबा इथलाच आहे, त्याले सारं ठाव आहे. अन् फायबरची काठी हाती असली की तो विचारणारही नाही. मोठ्या लाइनीपुढे काठीचं काय चालते? लाइन बंद केल्याचा कागद हाती येईस्तोवर गाडीचं चाक फिरू देऊ नका. दिवस गेला त जाऊ द्या.

गोपाळ : मॅडम, एक मी विचारू का?

अनुपमा : विचारा.

गोपाळ : तो कागद आणाचं काम कोणाचं असते?

अनुपमा : आमच्या ऑफिसचं. महामार्गावरच्या सगळ्या तारांची परवानगी घेतली होती. आतल्या रस्त्याची नव्हती. ऐन वेळी गाडी वळवली आणि कोणी फोन केला नाही.

गोपाळ : मंग तुम्ही वाचलं त्याच्यात ऑफिसचं नाव मले काऊन ऐकू नाही आलं?

अनुपमा : नव्हतं.

गोपाळ : आता येईन का?

अनुपमा : येईल. तिघांचंही येईल. काठी ओली होती, तेही राहील. ते खोटं नाही.

गोपाळ : राहू द्या. ओली होतीच. पण मी विचारलं होतं, ते लिहा. दोनदा विचारलं, असं लिहा. 'एकदा' लिहू नका.

अनुपमा : दोनदा. लाइनमनला बोलवा म्हणालात, तेही लिहिते.

गोपाळ : अन् त्याची एक प्रत तानीले द्या. खाली औषधाच्या दुकानापाशी असीन, हिरव्या लुगड्यात. तिच्या हातात द्या. ते वाचते, शाळेत गेलेली आहे. मी सांगतलं त तिले वाटीन, बनवून सांगून राह्यलो.

अनुपमा : आज हातानं लिहून देते. काका, तुमची सही?

कडूबा : इथं करू का?

अनुपमा : आधी लिहिते तर खरं. बाहेर बाकावर बसू. गोपाळराव, तुम्ही पडा आता.

कडूबा : तुम्ही व्हा पुढे मॅडम. मी आलोच. गोपाळ, उशी वर करून देऊ का?

गोपाळ : राहू दे. नर्स करीन.

कडूबा : काही बोल बे. शिवी दे.

गोपाळ : शिवी दिली त तुले बरं वाटीन. नाही देत.

कडूबा : मी येऊ का उद्या?

गोपाळ : नको.

कडूबा : परवा?

गोपाळ : गुरुवारची गाडी त्या तारेखालून निघू दे. किती माणसं चढली अन् किती उतरली, ते मोजून घे, अन् मले सांगाले ये. तोवर मले तुह्यावर राग धरू दे.