मालक जेवतो कुठं?

संशय घेण्यात आमच्या ह्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. दोन्ही लेकींच्या सासरची माणसं येणार होती, कोपरगावची आणि देवळालीची. घरात एवढा स्वयंपाक कोण करणार, म्हणून आम्ही केडगावला हॉटेल बघायला गेलो. हे म्हणाले, "मेनूकार्ड नको बघू. मालक काय खातो ते बघ."

पहिल्या हॉटेलात मालक गल्ल्यावर बसून घरचा डबा खात होता. "बघितलंस? स्वतःचं अन्न स्वतःलाच चालत नाही!"

दुसऱ्या हॉटेलात मालक तिथलीच थाळी चापत होता. मी म्हटलं, "आता तरी झालं ना समाधान?"

"ह्याला घरी कुणी वाढत नाही वाटतं. माणसातच काहीतरी खोट आहे."

शेवटी सगळा स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडला. गच्चीवर पंगत बसली, पण कोपरगावचे व्याही घास उचलेनात. म्हणाले, "विहीणबाई, तुमी बी बसा. रांधणारी जेवल्याबिगर मी कुठंच जेवत न्हाई."

मी म्हटलं, "माझा आज उपवास आहे."

उपवास कसला! वाढायला कुणी नको का? पण व्याह्यांचं सोडा, आमच्या ह्यांनीसुद्धा उचललेला घास परत ताटात ठेवला.