आबांनी पारखलेलं लॉ कॉलेज

हसू नका, पण मी दौंडच्या एका लॉ कॉलेजातून थोडक्यात वाचलो. साठ सालानंतरची गोष्ट. मी बी. ए. झालो होतो, आणि दौंडात ते कॉलेज नुकतंच निघालं होतं. आमच्या न्हावऱ्याहून जवळ, म्हणून मी हरखून गेलेलो. पण वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "आधी बघून येऊ." आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला.

कॉलेजात गेलो, तर प्राचार्यांनी चहा मागवला. मी भीत भीत विचारलं, "सर, कॉलेजला मान्यता?"

"दिल्लीहून येणारच आहे. तुम्ही बिनधास्त नाव घाला!"

मी लगेच पेन उघडलं. आबांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "सायेब, उद्या पोराचे दाखले घेऊन येतो. तुम्ही हाय ना?"

"उद्या नको. कोर्टात तारीख आहे माझी. या कॉलेजच्या जागेचीच भानगड आहे हो."

"मंग वकील हितलाच आसंल? पोरांना शिकिवणारा?"

"छे छे!" साहेब दचकलेच. "पुण्याचा चांगला वकील दिलाय."

आबा उठले. मुंडासं सारखं करून मला म्हणाले, "चल."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "आबा, मान्यता येईल की हो!"

"येऊ दे की. पर जो माणूस आपला मेंढा इकायला बसलाय, आन् सोताच्या कळपात मातुर दुसऱ्याचा मेंढा सोडतोय, त्याचा मेंढा फुकट दिला तरी मी घेत न्हाई."