डोंगर गायब, व्हय म्हाराजा!

...नाही पण मला सांगा, देवाकडे काही मागायचं तर जरा विचार करून मागावं की नाही? आमच्या घरात नाही केला कोणी विचार! तुम्हाला सांगतो, मुलुंडला आमच्या खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो... म्हणजे, दिसायचा! जानेवारीत थंडी पडली की बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, सगळं खालीच बसून राहतं, वर जातच नाही यार! मग आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांचा नियम काय? डोंगर दिसला तर शाळा, नाही दिसला तर सुट्टी!

आता माझी ऋतिका, चौथीत. सोमवारी गणिताचा पेपर. रविवारी आजोबांच्या गळ्यात पडली, "आजोबा, एक गाऱ्हाणं घाला ना, प्लीज!" आणि आमचे बाबा, जन्मभर गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली, छातीत कायम भाता चालू, पण नातीसाठी काय पण! देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि आवाज लावला थेट गावच्या देवळातला, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या शाळेक सुट्टी पडांदे, पेपर टळांदे रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे हसत हसत, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझा!

सोमवारी पडदा सारला... डोंगर गायब! नुसतं पिवळट, समोरची बिल्डिंगसुद्धा अर्धीच! टिंग! मोबाइलवर मेसेज, "हवा खराब असल्याने शाळा बंद." ऋतिका पलंगावर उड्या मारतेय, बाबा मिशीत हसतायत, "बघितलंस? आमचो देव कडक हा!" आणि सुट्टी मिळाल्यावर पोरं कुठे? खाली, क्रिकेट खेळायला! अरे, हवा खराब म्हणून सुट्टी ना रे? शेजारच्या विनिताताई म्हणतात, "जाऊ द्या हो, घरात नुसतं डोकं खातात!" व्हय म्हाराजा!

मंगळवारी डोंगर नाही. बुधवारी नाही. आणि इकडे बाबा... आधी खोकला, मग बोलताना धाप, मग नुसते खिडकीकडे बघत बसायला लागले. डॉक्टर म्हणतात, "यांना चांगल्या हवेत ठेवा." कुठे ठेवू? वाण्याकडे मिळते चांगली हवा? गावाला न्यावं तर एवढा प्रवास झेपेल का त्यांना? घाबरलो हो मी, खोटं कशाला बोलू! बाबांच्या छातीतली घरघर ऐकू आली तरी भीती, थांबली तर जास्तच भीती!

आज ऋतिकानं स्वतःच नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, माझं चुकलं, गणिताचा पेपर घे, दोन घे, पण डोंगर परत दे, आजोबांना श्वास दे रे म्हाराजा!" या वेळी कोणी हसलं नाही. "व्हय म्हाराजा..." बाबांच्या तोंडून 'व्हय' तेवढं निघालं, पुढचं खोकल्यात गेलं.

टिंग! पोरगी धावली ना मोबाइलकडे! "पुढील सूचनेपर्यंत शाळा बंद. गणिताचा पेपर उद्या ऑनलाइन."

म्हणजे पेपर तेवढा मंजूर! आणि डोंगर? खिडकी पुसून बघितली, आतून, बाहेरून... छे! आता बाबा हट्टानं तिचा अभ्यास घेत बसलेत, पाढे म्हणतायत तिच्याबरोबर. सात पाचे पस्तीसला त्यांचा दम संपतो, पुढचं ती एकटीच म्हणते, आणि आम्ही कान देऊन बसतो, बाबांचा पुढचा श्वास येतोय का म्हणून... काय करणार? आम्हीच म्हणालो होतो ना, व्हय म्हाराजा!