खोक्यातल्या वीराची खुर्ची

खोकं खुर्चीवर आणि म्हातारं माणूस उभं, ही कुठली रीत? हाडांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती, आजींचा गुडघा ठणकत होता. पण जागा मागायची त्यांना सवय नव्हती. खोक्याच्या पारदर्शक झाकणातून एक खेळण्यातला वीर दिसत होता. भिंतीला टेकून आजी ते खोकं आणणाऱ्या शेजारच्या नवराबायकोचं बोलणं ऐकत राहिल्या.

"हा तुमचा कॉमिकमधला उडणारा ना? मग हा जपानी वेश कसला?"

"सामुराई योद्ध्याचं रूप आहे त्याचं. चिलखताच्या गाठी बघ, काय नाजूक काम आहे."

"पण याला तर गोळीही लागत नाही म्हणता. मग चिलखत कशाला?"

"शोभेला."

"आणि तलवार?"

"तीही शोभेला. म्यानातून निघते मात्र."

"काढा बघू."

"खोकं फोडलं की संग्रहातली किंमत संपलीच."

"मग निघते हे कळलं कसं?"

"मागे छापलंय."

आजींना काही उमगेना.

"हातपाय तरी हलतात का?"

"अगं, गुडघेसुद्धा पूर्ण वळतात."

आता मात्र आजींना राहवेना.

"बाबा रे, ज्याला गोळी लागत नाही, ज्याचे गुडघे लोण्यासारखे वळतात, तो हाडांच्या डॉक्टरांकडे खुर्ची अडवून कशाला बसलाय? उचल त्याला."