चौकातल्या शिळेचा खळगा

सन्माननीय अध्यक्षसाहेब, मंचावरचे पाहुणे, नगरपालिकेची मंडळी आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे शेजारीपाजारी, सगळ्यांना नमस्कार. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तरी सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, आजी, दोन शब्द बोला. दोनावर भागणार नाही, हे त्यांना आता कळेल.

आज आपले पाथरवट भाऊजी निवृत्त होतायत. चौकातल्या हुतात्म्यांच्या शिळेवरची नावं त्यांच्या हातची. त्यात माझ्या नवऱ्याचंही होतं. गोळीबार झाला त्या दिवशी तो चौकात पडला. एका सरकारने त्याला हुतात्मा केलं. दुसरं आलं, म्हणालं, हा तर खबऱ्या होता. नाव तासून काढलं. तिसऱ्याने पुन्हा कोरलं, चौथ्याने पुन्हा तासलं. मेलेला माणूस एका जागी पडून राहतो म्हणतात. आमचा नाही राहिला.

दर वेळी भाऊजी आधी माझ्या दारी यायचे. "वहिनी, उद्या काढतोय." नाहीतर, "वहिनी, उद्या घालतोय." मी म्हणायची, "पाणी पिऊन जा." सरकारचा कागद कधी आला नाही, हा माणूस आला. निरोपाच्या भाषणात गुण सांगायचे असतात ना? हा घ्या.

आणि घरात काय झालं? थोरला हुतात्म्याचा मुलगा म्हणून नोकरीला लागला, खबऱ्याचा मुलगा म्हणून घरी बसला. धाकट्याला दुसऱ्या पक्षाने सांगितलं, बाप खबऱ्या होता असं सभेत बोल, तुझं भलं करू. तो बोलला. तेव्हापासून भाऊ भावाचं तोंड पाहत नाही. गेल्या महिन्यात शिळेपुढे दोघांच्या माणसांनी एकमेकांवर दगड फेकले. थोरल्याचा मुलगा एक डोळा गमावून दवाखान्यात पडलाय. ज्या आजोबाला त्याने कधी पाहिलं नाही, त्याच्यापायी.

थोरल्या, खाली बस. माइक मला दिलाय. आणि धाकट्या, तूही दारातून सटकू नकोस.

मघाशी अध्यक्षसाहेब म्हणाले, उद्या ते नाव सन्मानाने पुन्हा कोरणार. टाळ्याही पडल्या. भाऊजींना विचारलंत? तासून तासून तिथे ओंजळभर खळगा झालाय. ते सांगतात, आता छिन्नी लावली तर शिळा उभी फुटेल, बाकीच्यांची नावंही जातील. त्यांच्या बायकापोरांनी काय करायचं? खळग्यात पावसाचं पाणी राहतं, चिमण्या पितात. राहू द्या तसाच. नाव नको. त्याची बायको सांगतेय, आणखी कुणाला विचारू नका.

भाऊजी, हाताला आराम द्या. पाणी प्यायला येत जा. सांगायला काही आणू नका.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हातारी म्हणून सोडून द्या. तो चौकात कशाला गेला होता, हे एकाही सरकारने मला विचारलं नाही, म्हणून जाता जाता सांगते. दाढ दुखत होती. दात काढणाऱ्याचं दुकान चौकापलीकडे होतं. पोरांना लहानपणीच सांगितलंय; पण दाढेवर ना नोकरी मिळते, ना सभा भरते.