गव्हर्नरसाहेबांच्या वतीनं

(डोंगरातलं गाव. आईच्या घराची मागची खोली. आत राज्याची डेप्युटी गव्हर्नर आबेके आणि तिचा धाकटा भाऊ देबो. सकाळ. बाहेर मांडव पडलाय, बँडवाले जमू लागलेत. थोड्याच वेळात आईचं दफन.)

देबो : ताई, एकदा काय ते खरं सांग. गव्हर्नर येणार आहे की नाही? कारण त्याची खुर्ची कालच ट्रकमधून येऊन बसलीय. ती उंच पाठीची, राज्याचा शिक्का मारलेली.

आबेके : खुर्ची नेहमी आधी जाते, देबो. माणूस मागून येतो.

देबो : नेहमी?

आबेके : बहुतेक वेळा.

देबो : म्हणजे नाही. अगं, अख्ख्या गावानं बघितलीय ती खुर्ची! म्हातारे पहाटेपासून झगे घालून बसलेत. मावशीनं एवढं कोनफळ कुटायला घेतलंय, की आवाजानं कुणी झोपलं नाही. आणि तो आला नाही तर लोक कुणाला विचारणार? मला. तू निघून जाशील तुझ्या भोंगेवाल्या गाडीतून.

आबेके : भोंगा काढून घेतला त्यांनी. मार्चमध्ये.

देबो : काय?

आबेके : दुरुस्तीला नेला म्हणाले. पुढची पोलीस गाडीपण.

देबो : आणि तू बोलली नाहीस?

आबेके : कुणाशी बोलू? तक्रार गव्हर्नरच्या ऑफिसात करायची असते, आणि नेलंय त्यांनीच.

देबो : धन्य आहे! ताई, तुला अकिन्लाबीकाका आठवतात? आपल्या राज्याचे पहिले डेप्युटी?

आबेके : आठवतात की. शपथविधीला आई मला खांद्यावर घेऊन गेली होती.

देबो : आणि परत कसे आले ते? गाडी काढून घेतली, बंगल्याला कुलूप घातलं, म्हातारा बसच्या थांब्यावर उतरला टोपी हातात घेऊन. तेव्हापासून हेच चाललंय. खाली सपाटीवर मतं जास्त, म्हणून गव्हर्नर सपाटीवरचा. डोंगरातल्यांनी रुसू नये म्हणून डेप्युटी डोंगराचा. तोंडात साखर घालायची आणि गप्प बसवायचं.

आबेके : देबो, आज नको.

देबो : आज नको तर कधी? तुझ्या आधीचा तो मास्तर. गव्हर्नर उपचाराला परदेशी गेला, हा चार दिवस कारभारी झाला, आणि वेड्यानं शिक्षकांच्या थकलेल्या पगारावर सही केली. काय झालं त्याचं? गव्हर्नर विमानातून उतरायच्या आत विधानसभेनं घरी बसवला त्याला! राज्याला वाटलं, डेप्युटीला हात आहेत की काय! लोक उगीच स्टेपनी म्हणत नाहीत, ताई. स्टेपनी डिकीत बरी. बाहेर काढली की समजायचं काहीतरी पंक्चर झालंय.

आबेके : म्हण. तूही म्हण.

देबो : मी म्हणणारच. आई माझ्या मांडीवर गेली. गाडीत. आपल्या हॉस्पिटलात वीज नव्हती, जनरेटरला डिझेल नव्हतं, म्हणून शहरात नेत होतो. डेप्युटी गव्हर्नरची आई! आणि मी फोन करतोय, करतोय, आणि तुझा फोन बंद. कुठे होतीस तू?

आबेके : तुला माहीत आहे कुठे होते.

देबो : तुझ्या तोंडून ऐकू दे.

आबेके : ओके-इरेला. एका राजाच्या काकूच्या मयताला. गव्हर्नरसाहेबांच्या वतीनं भाषण वाचत होते.

देबो : वा.

आबेके : घटनेत डेप्युटीच्या कामाची एक ओळ आहे, देबो. गव्हर्नर देईल ते काम करावं. बस. आणि यांनी मला मयतं दिली. लग्नंसुद्धा नाहीत, लग्नाला ते स्वतः जातात. तिथे फोटो चांगले येतात. या पदाच्या पाचव्या वर्षी मी मयतं मोजायचं सोडलं. काळ्या चपलांचे दोन जोड गाडीतच असतात माझ्या.

देबो : मग सोडत का नाहीस?

आबेके : हॉस्पिटलमुळे. फाइल वर गेलीय. ऑपरेशनची खोली, मोठा जनरेटर, रात्रीचा डॉक्टर. फक्त त्यांची सही राहिलीय.

देबो : ती सही तर मागच्या निवडणुकीच्या आधीपासून राहिलीय!

अजिबोला : येऊ का आत, मॅडम? माफ करा, दार उघडंच होतं.

आबेके : या. देबो, हे अजिबोला. गव्हर्नरसाहेबांच्या ऑफिसातले. साहेब कुठे बसणार, कधी उठणार, सगळं हे ठरवतात.

देबो : बरं झालं आलात. साहेब कुठवर आलेत?

अजिबोला : आधी माझं सांत्वन स्वीकारावं, सर. माताजी फार पुण्यवान. तर म्हणजे कसं आहे, साहेबांना फार यायचं होतं. पण देशाच्या राजधानीतून, अबुजाहून बोलावणं आलं. पक्षाची तातडीची बैठक. त्यांनी प्रतिनिधी पाठवायचं ठरवलंय.

देबो : कोण? सभापती? एखादा मंत्री तरी?

अजिबोला : म्हणजे कसं आहे, सर, कायमचा आदेश आहे. साहेबांना मयताला जाता आलं नाही, तर त्यांच्या वतीनं डेप्युटी गव्हर्नर जातात.

देबो : ते माहीत आहे हो. आज कोण येणार?

अजिबोला : आदेश कायमचा आहे, सर.

देबो : अहो, पण डेप्युटी गव्हर्नर ही आहे! मयत हिच्या आईचं आहे!

अजिबोला : हो. ते आमच्या लक्षात आलं. पण तोवर पत्र निघून गेलं होतं.

देबो : (बहिणीकडे बघत) ऐकलंस? पत्र निघून गेलं होतं! अगं हस तरी, नाहीतर रड तरी!

आबेके : भाषण आणलंय का, अजिबोला?

अजिबोला : हे घ्या, मॅडम. अक्षर मोठं ठेवलंय, तुम्हाला चष्मा लागू नये म्हणून.

आबेके : 'अत्यंत जड अंतःकरणानं मी आज या कुटुंबासमोर उभा आहे. दिवंगत माताजी एक आदर्श शिक्षिका होत्या. पिढ्यान्पिढ्या त्यांनी...' अजिबोला, माझी आई शाळेची पायरी चढली नाही कधी. ती पाम तेल विकायची.

अजिबोला : हो का? तेवढं आपण बदलू.

आबेके : हा परिच्छेद मी इस्टरच्या आधी वाचलाय. दुसऱ्याच बाईसाठी. ती खरंच शिक्षिका होती.

देबो : पुढे वाच ना, पुढे वाच. मजा येतेय.

आबेके : 'माझी डेप्युटी, माझी धाकटी बहीण आबेके हिला मी सांगू इच्छितो, धीर धर. तू एकटी नाहीस. गव्हर्नर या नात्यानं मी आज स्वतः तुझ्या शेजारी उभा आहे.'

देबो : म्हणजे ताई स्वतःच उभी राहणार, स्वतःलाच सांगणार की धीर धर. मग खाली बसून स्वतःलाच थँक्यू म्हणणार?

अजिबोला : नाही नाही, कुटुंबाच्या वतीनं उत्तर नको. वेळेत बसत नाही.

देबो : अरे, तुला काही लाज?

आबेके : देबो, त्यांना अरे-तुरे करू नकोस. ते नुसते निरोप घेऊन आलेत. अजिबोला, बसायचं कुठे?

अजिबोला : साहेबांच्या खुर्चीत, मॅडम. पाहुण्यांच्या मांडवात. कुटुंबाचा मांडव समोर आहे, तिथे बसता येणार नाही. प्रतिनिधी म्हणजे साक्षात साहेबच. आणि, म्हणजे, चर्चमधली प्रार्थना संपली की आपण निघायचं.

आबेके : कबरीपाशी?

अजिबोला : साहेब कुणाच्याच कबरीपाशी जात नाहीत, मॅडम. तुम्हाला तर ठाऊकच आहे. राजेलोक जात नाहीत, तसं. म्हणून प्रतिनिधीही जात नाही.

देबो : पहिली मूठ मोठ्या लेकराची असते हो! ही मोठी आहे! हिच्या मुठीशिवाय आम्हाला कुणाला माती टाकता येत नाही. सगळं गाव कबरीभोवती उभं राहणार आणि ही कुठे? गाडीत?

अजिबोला : दुसऱ्या कुणी टाकली तर चालणार नाही का?

देबो : तुमच्या घरी चालतं?

अजिबोला : नाही, सर. आमच्या घरीही नाही चालत.

आबेके : आणि मी म्हटलं, मी आज प्रतिनिधी नाही, नुसती मुलगी आहे, तर?

अजिबोला : मॅडम, तसं नका म्हणू. मी हात जोडतो. मला वरून एवढंच सांगितलंय, की तुम्ही आज भाषण वाचलंत, तर हॉस्पिटलच्या फायलीवर या आठवड्यात सही होईल.

आबेके : आणि नाही वाचलं तर?

अजिबोला : सोमवारी विधानसभेत एक नोटीस येईल. तुम्हाला काढण्याची. आमदारांच्या सह्या झाल्यात.

आबेके : कारण काय लिहिलंय?

अजिबोला : गंभीर गैरवर्तन.

आबेके : कुठलं?

अजिबोला : ते अजून ठरायचंय, मॅडम.

देबो : थांब, थांब. ताई, सही खरंच होईल? जनरेटर, डॉक्टर, सगळं?

आबेके : आता तू विचारतोस?

देबो : अगं, मग वाच ना! दोन कागद तर आहेत! मी मघाशी रागात बोललो. माझ्या औषधांच्या दुकानात रोज बाया पोरांना कडेवर घेऊन येतात, मी ताप उतरायच्या गोळ्या देतो आणि शहरात जा म्हणतो. शहरात जा! आईलाही मी हेच म्हटलं होतं. वाच, ताई. आईला कळेल. माझ्या गळ्याशपथ कळेल.

आबेके : आईला कळेलच. ती सगळ्यांचं समजून घेत आली. म्हणूनच तर तेल विकत राहिली आणि मला डॉक्टरेटपर्यंत शिकवलं, आणि मी तिला काय दिलं? एक खुर्चीसुद्धा माझी नाही.

देबो : आता हा विचार नको. गावाचा विचार कर.

आबेके : गावाचाच केला रे, इतकी वर्षं. प्रत्येक मयताच्या आधी मला कुणीतरी सांगितलंय, एवढं करा, या आठवड्यात सही होईल. मी केलं. पाऊस असो, ताप असो, केलं. लोक रडत असायचे आणि मी एका दुसऱ्याच माणसाचं दुःख वाचून दाखवायची, जो त्या वेळी जेवत असायचा. माझी चीड बाहेर काढायला मला कधी जागाच मिळाली नाही, देबो. आज माझ्या आईच्या शवपेटीसमोर उभं राहून मी म्हणू, की ती शिक्षिका होती? आणि गाडीत बसू? स्टेपनी म्हणा मला. पण स्टेपनीलाही आई असते.

देबो : आणि हॉस्पिटल?

आबेके : मला माहीत नाही.

देबो : ताई, असं नको बोलूस. लोक मला विचारतील.

आबेके : सांग, तुमच्या डेप्युटीनं घालवलं. मी नाही म्हणणार नाही. अजिबोला, हे कागद घ्या. मी कुटुंबाच्या मांडवात बसणार, आणि कबरीपाशी जाणार. साहेबांना कळवा.

अजिबोला : मॅडम, एकदा विचार...

आबेके : झाला.

अजिबोला : मग मला फोन करावा लागणार नाही.

आबेके : म्हणजे?

अजिबोला : म्हणजे कसं आहे... तुम्ही नाही म्हणालात, तर काय करायचं, तेही सांगून ठेवलंय. डेप्युटीसाठी नवीन नाव ठरलंय, मॅडम. डोंगरातलंच. ते आलेत. गाडीत बसलेत.

देबो : कोण?

अजिबोला : बांदेले वकील.

देबो : कोण बांदेले? आपला बांदेले? पक्षाचा तालुकाध्यक्ष? अहो, तो काल संध्याकाळी इथे होता! माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला! आमच्या घरानं दफनासाठी निवडलेल्या कापडाचाच झगा शिवलाय त्यानं!

अजिबोला : तोच घातलाय त्यांनी, सर. त्यांच्याकडे भाषणाची प्रत आहे. त्यात 'माझी डेप्युटी'ऐवजी 'माझी जुनी सहकारी' केलंय.

देबो : त्याला कधीपासून माहीत होतं?

अजिबोला : मला विचारू नका.

देबो : मी बाहेर जातो आणि त्याला गाडीतून ओढून काढतो. आईचं मीठ खाल्लंय त्यानं. सोड मला, ताई. सोड म्हणतो ना!

आबेके : बस खाली. आज घरात आई आहे.

देबो : तुला काहीच वाटत नाही?

आबेके : वाटतंय. पण त्याला हॉस्पिटलची सही मिळाली तर? त्याचं नवीन नवीन आहे. नवीन माणसाला एखादी वस्तू देतात कधीकधी. मलाही दिला होता भोंगा.

देबो : बाहेर बँड सुरू झाला, ताई. पेटी उचलायला माणसं आली.

आबेके : चल. माझं डोक्याचं कापड नीट बांध. अजिबोला, बांदेलेला बोलवा आत. उन्हात बसलाय.

अजिबोला : काही सांगू त्यांना, मॅडम?

आबेके : त्याची पहिलीच वेळ आहे. म्हणावं, हळू वाच. लोक रडत असतात.